साखरेच्या वहीतले शेरे

लग्न ठरल्यावर विठ्ठलरावांनी बेळगावहून पाठवलेलं पहिलं पत्र कुसुमावतीनं उलट टपाली परत केलं होतं. नकार म्हणून नव्हे. पत्रात अकरा चुका होत्या, त्या लाल शाईनं सुधारून, खाली ‘आशय चांगला, अक्षराकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारून. विठ्ठलराव वकील होते, अपमान गिळायची त्यांना कोर्टात सवय झाली होती, म्हणून आपलं लग्न झालं, असं ती स्वतःच सांगायची.

पुढे हुबळीच्या एका मुलींच्या मराठी शाळेत तिनं एकतीस वर्षं तिसरी-चौथीचे वर्ग सांभाळले. निवृत्त झाली, दोन वर्षांनी विठ्ठलरावही गेले, आणि केशवापूरच्या घरात मुलगा प्रभंजन, सून भारती आणि नात योगिता यांच्यात ती उरली. घरात सगळं होतं, तपासायला वह्या तेवढ्या नव्हत्या. मग ती दारात येणाऱ्या लग्नपत्रिका तपासायला लागली. शेजारच्या मथुराक्कांनी लेकीच्या डोहाळजेवणाची चिठ्ठी पाठवली, ती दुरुस्त होऊन परत गेली, तेव्हा मथुराक्का फाटकातूनच ओरडल्या, “टीचर, जेवायला येताय का पेपर तपासायला?”

“दोन्हीला येते की,” कुसुमावती म्हणाली. आणि गेली, आणि चकल्यांनाही तिनं दहापैकी सहाच गुण दिले.

अशा बाईच्या हातात देवानं एक वही द्यायला नको होती.

सत्त्याण्णव साली योगिता सहा वर्षांची होती. ती सारखी पाणी प्यायला लागली, अंथरुण ओलं करायला लागली, आणि फ्रॉक अंगावर टांगल्यासारखा दिसायला लागला. चौथीचं विज्ञान एकतीस वर्षं शिकवल्याच्या बळावर कुसुमावतीनं निदान केलं: जंत. अकरा दिवस तिनं मुलीला वावडिंगाचं पाणी पाजलं. बाराव्या दिवशी पोर धापा टाकायला लागली, तेव्हा प्रभंजननं आईला न विचारता तिला उचलून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डायबेटिस सांगितला, तेव्हा कुसुमावती म्हणाली, “तुमची काहीतरी गफलत होतेय. साखर निवृत्त लोकांना होते, पेन्शनबरोबर.” डॉक्टरांनी नुसतं खाटेकडे बोट दाखवलं. मुलीच्या हाताला सलाईन चालू होतं आणि ते पुरेसं बोलत होतं.

योगिता वाचली. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन आणि लघवीची तपासणी सुरू झाली. इंजेक्शनचं काम भारतीनं घेतलं. तपासणीचं काम सासूबाईंनी कुणी न देताच घेतलं. मागच्या पडवीत स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी, निळं औषध. त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा म्हणजे थोडी, पिवळा म्हणजे बरीच, विटकरी म्हणजे फार. रंग वहीत लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं.

कुसुमावतीनं दोनशे पानी वही आणली, तपकिरी कव्हर घातलं, समास आखला, आणि समासात शेरे लिहायला सुरुवात केली. निळ्याला ‘उत्तम’. हिरव्याला ‘समाधानकारक’. पिवळ्याला ‘निष्काळजीपणा’. आणि विटकरी रंग आला त्या दिवशी तिचं लाल पेन जुन्या सवयीनं आपोआप चाललं: ‘पालकांनी भेटावे.’

टेलिफोन खात्यात नोकरी करणारा, सदतीस वर्षांचा प्रभंजन संध्याकाळी वही हातात घेऊन आईपुढे उभा राहिला. “आई, मी इथंच राहतो गं. शेजारच्या खोलीत.”

“म्हणूनच लेखी कळवलं. तोंडी सांगितलेलं तू लहानपणापासून विसरतोस.”

तेव्हा सगळे हसले. कुसुमावतीही हसली. आता ती म्हणते की त्या दिवशी कुणीतरी ते पेन तिच्या हातातून काढून अडगळीत टाकायला हवं होतं. पण घरात तेवढी छाती कुणाची?

दोन हजार एकमध्ये भारतीच्या भावानं पुण्याहून साखर मोजायचं यंत्र आणलं. बोटाला सुई टोचायची, पट्टीवर थेंब ठेवायचा, आकडा समोर. योगिता दहा वर्षांची झाली होती, तिनं लगेच ते शिकून घेतलं. नेमक्या त्याच महिन्यात कुसुमावतीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डोळ्यावर हिरवी पट्टी असताना तो बारीक आकडा तिला दिसेना. मग अशी पद्धत पडली की योगिता आतल्या खोलीत आकडा बघायची आणि मोठ्यानं सांगायची, अज्जी अंदाजानं वहीत लिहायची आणि शेरा मारायची. शुद्धलेखन घालण्याऐवजी या वयात घेण्याची पाळी आली, म्हणून अज्जी खूश होती. डोळा बरा झाला, नवा चष्मा आला, पद्धत तशीच राहिली.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आतून आवाज आला, “तीनशे बारा.”

शाळेत कुसुमावतीनं कधी कुणा मुलीला मारलं नव्हतं. तिची शिक्षा वेगळी होती. ती बोलणं बंद करायची. वर्गातल्या दांडगट मुलीसुद्धा दोन तासांत रडकुंडीला यायच्या. योगिताशी ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवसापासून आकडे उतरायला लागले. दोनशे सत्तर, दोनशे दहा, एकशे साठ. महिन्याभरात एकशे वीसच्या आसपास येऊन ते तिथंच नांदायला लागले. समासात ‘प्रगती’, मग ‘चांगली प्रगती’, मग रोज ‘उत्तम’.

“शिस्त,” कुसुमावतीनं मथुराक्कांना सांगितलं. “औषध निम्मं, शिस्त निम्मी.”

“माझ्या जावयाला पाठवू का तुमच्याकडं?” मथुराक्का म्हणाल्या. “त्याची पण साखर वाढलीय. आणि तो बोलतोय पण फार.”

अडीच वर्षं हे चाललं. मधे घरच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी करायला सांगितली. ती दहा टक्क्यांच्या वर आली. असायला हवी होती सातच्या आसपास. कुसुमावतीनं प्रयोगशाळेला इंग्रजीत तीन पानी पत्र लिहिलं, की आमच्याकडे रोजची नोंद आहे, आपल्याकडे नमुन्यांची अदलाबदल झालेली दिसते, कृपया कर्मचाऱ्यांना समज द्यावी. प्रयोगशाळेनं घाबरून फुकटात दुसऱ्यांदा तपासणी केली. आकडा आणखी दोन दशांशांनी वर गेला. यावरून कुसुमावतीनं निष्कर्ष काढला की प्रयोगशाळा चुकांच्या बाबतीत तरी सातत्य राखून आहे. घरच्या डॉक्टरांनी त्या सुंदर वहीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि इन्सुलिन होतं तेवढंच ठेवलं. सकाळी बारा युनिट, संध्याकाळी आठ.

दोन हजार चारच्या जूनमध्ये प्रभंजननं बातमी आणली. एका मोठ्या इस्पितळात डॉ. जयतीर्थ नावाचे तरुण डॉक्टर डायबेटिस असलेल्या मुलांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या सोनोग्राफीनं तपासत होते. निरोगी मुलांच्याही तपासत होते आणि दोन्हींची तुलना करत होते. तपासणी, तुलना, आकडे! कुसुमावतीला आनंद मावेना. जिल्ह्यातल्या सगळ्या साखरवाल्या मुलांत आपली योगिता पहिली येणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. तिनं मोतिया रंगाची इरकल नेसली. वहीचं कव्हर बदललं. योगिता मात्र म्हणाली, “अज्जी, मला जायचं नाही.”

“का गं? दुखत नाही म्हणे.”

“तसं नाही.”

“मग कसं?”

योगिता रिबीन बोटाला गुंडाळत बसली. लाजते आहे, असं अज्जीनं ठरवलं आणि तिची वेणी घट्ट घातली.

डॉ. जयतीर्थ तिशीचे होते, धारवाडच्या कानडी घरातले. मराठी बोलताना मधूनमधून कानडी आदराचा ‘री’ जोडायचे. “बसा री टीचर,” म्हणून त्यांनी कुसुमावतीला पडद्याजवळ स्टूल दिलं. योगिताला खाटेवर झोपवून मान एका बाजूला वळवली, गार जेली लावली आणि मानेवरून यंत्राचा दांडा हळूहळू फिरवला. पडद्यावर करड्या धुक्यात दोन पांढऱ्या रेघा दिसल्या, मधे बारीक काळी फट. डॉक्टरांनी चित्र थांबवलं, रेघांवर दोन खुणा टेकवल्या, मोजलं. पुन्हा मोजलं. मान दुसरीकडे वळवून पुन्हा मोजलं. मग योगिताच्या हाताला रक्तदाब बघायचा पट्टा करकचून आवळला, पाच मिनिटं तसाच ठेवला, सोडला, आणि कोपराच्या वरची नाडी किती फुलते ते बघितलं.

“सांगा आता,” कुसुमावती म्हणाली. “पहिली नाही तरी पहिल्या तिनांत असेल ना?”

“इथं नंबर कमी असला तर चांगला, टीचर.”

“मग शेवटून पहिली का?”

डॉक्टर हसले नाहीत. योगिताला त्यांनी मान पुसायला कापूस दिला आणि स्टूल ओढून दोघींच्या समोर बसले.

“हिच्या वयाच्या निरोगी मुलींची भिंत मला साधारण शून्य पूर्णांक चव्वेचाळीस मिलिमीटर दिसते. म्हणजे रक्तवाहिनीची भिंत. हिची बावन्न आहे. शून्य पूर्णांक बावन्न.”

“आठ शतांशांचा फरक,” कुसुमावतीनं ताबडतोब वजाबाकी केली. “म्हणजे केसाएवढा.”

“होय री. एका केसाएवढा. पण तेराव्या वर्षी.” त्यांनी आपला हात पुढे धरला. “वाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. रक्त जोरात आलं की ते अस्तरच सांगतं, सैल हो, जागा कर. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली तर आधी ते अस्तर बिघडतं. हिची हाताची नाडी पट्टा सोडल्यावर फुलायला हवी तेवढी फुलली नाही. मग भिंत जाड व्हायला लागते. आज हिला काही त्रास नाही, दहा वर्षं होणारही नाही. म्हणून तर कुणी बघत नाही.”

“आणि दहा वर्षांनंतर?” हे भारतीनं विचारलं. ती दाराशी उभी होती, आणि सकाळपासूनचं हे तिचं पहिलं वाक्य होतं.

“तेच टाळायचंय, वहिनी. अस्तर सुधारू शकतं. भिंत आणखी जाड होणं थांबवता येईल, असं वाटतं. पण एका मुलीच्या एका तपासणीवरून मी शपथेवर काही सांगणार नाही. मला हिची रोजची साखर बघू दे.”

या प्रश्नासाठीच कुसुमावती मोतिया इरकल नेसून आली होती. तिनं वही दोन्ही हातांनी पुढे केली.

डॉक्टरांनी पानं उलटली. “भाळ छलो ऐतरी,” ते कानडीत पुटपुटले, म्हणजे फारच छान आहे. मग थोडं थांबून मराठीत म्हणाले, “इतकं छान माझ्या एकाही पेशंटचं नाही. यंत्र आणलंय का?”

यंत्र भारतीच्या पिशवीत होतं. डॉक्टरांनी एक बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दर वेळी ते वहीकडे बघायचे आणि पुन्हा यंत्राकडे.

“काल संध्याकाळी वहीत एकशे अठरा. यंत्रात दोनशे सत्त्याऐंशी. परवा एकशे चोवीस, यंत्रात तीनशे एकेचाळीस.”

यंत्र मागचे आकडे लक्षात ठेवतं, हे कुसुमावतीला माहीत नव्हतं. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: “यंत्र बिघडलंय.” दुसरं वाक्य तिनं तयार केलं होतं, बहुधा यंत्राच्या कंपनीला पत्र लिहिण्याबद्दल. तेवढ्यात तिचं योगिताकडे लक्ष गेलं. योगिता खाटेच्या कडेला बसून ओल्या कापसाचा गोळा चिमटीनं कुस्करत होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. एकतीस वर्षं बाईंनी असे चेहरे बघितले होते. कॉपी करताना सापडलेल्या मुलीचा चेहरा.

डॉक्टर अजून समास वाचत होते. “हे लाल शाईचं कुणी लिहिलं? ‘निष्काळजीपणा’. ‘पालकांनी भेटावे’. शाळेची वही आहे का ही?”

“मी,” कुसुमावती म्हणाली.

“टीचर, साखरेला गुण देतात का?” ते रागावले नव्हते, खरोखरच विचारत होते. “ही तीन वर्षांत केवढी उंच झाली. वाढत्या मुलीला इन्सुलिन जास्त लागतं. हिचे खरे आकडे दिसले असते तर तिच्या डॉक्टरांनी डोस वाढवला असता. ही अजून दहा वर्षांच्या मुलीचा डोस घेतेय.”

कुसुमावतीनं वही मिटून काखेत घेतली. भारती औषधाच्या दुकानात थांबली आणि आजी-नात सिटी बसनं निघाल्या. योगिता खिडकीशी बसली. तीन थांबे गेले.

“परत बोलणं बंद का?” योगितानं खिडकीबाहेर बघतच विचारलं.

“नाही गं. मला काय बोलावं ते सुचत नाही.”

“तुला?” योगिता एकदम वळली. असं आधी कधी झालेलं तिला आठवत नव्हतं.

“त्या दिवशी तीनशे बारा आले होते,” योगिता म्हणाली. “मी काही खाल्लं नव्हतं, अज्जी. मला ताप होता. ताप असला की साखर चढते. पण तू दोन दिवस बोलली नाहीस. मग मी तुला आवडतील असे आकडे सांगायला लागले.”

“एकदम एकशे वीस का नाही सांगितलेस?” हे विचारताना कुसुमावतीची स्वतःलाच लाज वाटली, पण शिक्षिकेचं कुतूहल मेलं नव्हतं.

“एकदम सांगितले असते तर तू ओळखलं असतंस. रोज थोडे थोडे कमी केले.”

“हे कुणी शिकवलं तुला?”

“तूच. निबंधात एकदम अतिशयोक्ती करू नये म्हणतेस ना.”

कुसुमावतीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. तिकिटं घेऊन आलेल्या कंडक्टरला वाटलं म्हातारीला बस लागली. त्यानं तिला पुढच्या सीटवर बसायला सांगितलं.

घरी आल्यावर भारतीनं वही काढून घेतली. सून म्हणून सोळा वर्षांत ती सासूशी चढ्या आवाजात बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. “आई, आजपासून वही योगिता लिहील. आणि वहीत फक्त आकडा.” मग दोन पावलं जाऊन परत आली. “मला मागंच शंका आली होती. रात्री पाणी प्यायला उठायची ती. पण तुमचा ‘उत्तम’ पडला की आम्ही काय बोलणार?”

हे वाक्य कुसुमावतीला डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तिनं घर शिस्तीत ठेवलं होतं, इतकं की मुलीची आईसुद्धा हात वर करून बोलायची वाट बघत होती.

डोस वाढवायला सुरुवात झाली. एकदम नाही, दर आठ दिवसांनी थोडा. पुढे दुपारच्या जेवणाआधीचीही एक सुई आली, आणि सुया योगिता स्वतःच घ्यायला लागली. खरे आकडे घरात ऐकू यायला लागले: दोनशे नव्वद, तीनशे चौतीस, दोनशे एकसष्ट. कुसुमावती एक शब्द बोलत नसे. पण तिच्या भुवया बोलायच्या. “अज्जी, भुवया!” योगिता ओरडायची. मग आकडा सांगायच्या वेळी अज्जी भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. तर मान आखडलेली दिसते, अशी तक्रार आली. मथुराक्का एकदा हे बघून म्हणाल्या, “टीचर, तोंडावर टॉवेल टाका की.” कुसुमावतीनं खरंच तीन दिवस टॉवेल टाकला. चौथ्या दिवशी प्रभंजनला ऑफिसातून लवकर यावं लागलं, आई दिवाणावर तोंड झाकून आडवी दिसली आणि तो दारातच किंचाळला. टॉवेल बंद झाला.

मग तिनं आपलंही बोट टोचून घ्यायला सुरुवात केली, योगिताला दाखवायला, की आकडा म्हणजे नुसता आकडा असतो. जेवणानंतर दोन तासांनी एकशे ब्याण्णव आले. “अज्जी, काय खाल्लंस?” योगितानं विचारलं. “काही नाही,” अज्जी म्हणाली. तिच्या पदराला बुंदीचा एक दाणा चिकटला होता. आपण इतक्या सहज खोटं बोललो याचं तिला त्या रात्रभर आश्चर्य वाटत राहिलं. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला नातीपुढे खरं सांगवलं नाही, आणि दहा वर्षांच्या पोरीकडून तिनं काय अपेक्षा ठेवली होती?

वर्षानं, दोन हजार पाचच्या जूनमध्ये, डॉ. जयतीर्थांनी पुन्हा बोलावलं. सरासरीची तपासणी आता आठच्या जवळ आली होती. ती सातपर्यंत उतरली नव्हती, पण आता तिचा वहीशी मेळ बसत होता. इस्पितळात योगितानं अज्जीला बाहेरच्या बाकावर बसवलं. “तू आत येऊ नकोस. तुझं तोंड बघून माझी नाडी आवळते.” भारतीलाही तिनं बाहेरच ठेवलं. चौदा वर्षांची मुलगी एकटीच आत गेली.

बाकावर कुसुमावतीनं समोरच्या फलकावरच्या चुका मोजायचा प्रयत्न केला. चार सापडल्या, पण त्यात मन लागेना. ती आठ शतांशांचा विचार करत होती. एवढ्याशा केसासाठी एवढा वेळ कधी कुणी बसलं असेल का? तो केस आणखी एका केसानं वाढला असला, तर त्यातला अर्धा तरी आपल्या शाईचा, हा हिशेब तिला कुठूनही चुकवता येत नव्हता. शेजारी भारती बसली होती. तिनं सासूचा हात धरला होता, की सासूनं तिचा, ते दोघींनाही आठवत नाही.

पाऊण तासानं दार उघडलं. योगिता कानामागची जेली पुसत बाहेर आली.

“भिंत तेवढीच आहे,” ती म्हणाली. “वाढली नाही. बावन्नची बावन्न.”

भारतीनं डोळे मिटले. कुसुमावती उठायला लागली, पण योगितानं तिला हातानं थांबवलं.

“थांब, अजून आहे. हाताची नाडी गेल्या वर्षीपेक्षा थोडी जास्त फुलते, पण निरोगी मुलींएवढी नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी परत बघू. आणि या आठवड्यात दोनदा माझी साखर तीनशेच्या वर गेली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं. वहीत लिहिलंय.”

कुसुमावतीच्या जिभेवर निदान पाच वाक्यं येऊन उभी राहिली. एकाहून एक व्याकरणशुद्ध.

“बरं,” ती म्हणाली. “भूक लागलीय का?”

“खूप. आधी सुई घेते.”

बाकावरच योगितानं पिशवीतून बाटली आणि सिरिंज काढली, अज्जीच्या खांद्याआड वळून पोटाला सुई टोचली, आणि अज्जीनं डबा उघडला.